अरबी समुद्र सोडून न जाणारे देवमासे

दक्षिणवारा

नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षं ओमानमध्ये सलालाहला होतो. तिथे पावसाळ्याला 'खरीफ' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परमुलखात घरचा शब्द भेटला असं वाटलं, आपला खरीप तो हाच. वाराही तोच. जो नैऋत्य वारा जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणतो, तोच ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. त्याने वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि तळाचं गार, सकस पाणी वर येतं. त्या पाण्यावर शैवाल पोसतं, शैवालावर कोळंबीसारखे बारीक जीव, पुढे तारली, आणि तारलीच्या मागे हंपबॅक देवमासे.

एका फेब्रुवारीत हासिकच्या बाजूला एका मच्छीमाराबरोबर होडीतून गेलो होतो. पाणी अगदी निवांत होतं. अचानक ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा आवाज आला, पाठोपाठ सडक्या मासळीचा दर्प. पन्नासेक हातांवर काळी पाठ वर आली, वाकली, आणि शेवटी शेपटी सरळ उभी राहिली. खालच्या बाजूने पांढरी, कडेला काळे ओरखडे. पाणी निथळत असताना दोन-तीन सेकंद ती तशीच दिसली आणि मग गेली. होडीवाल्याने इंजिन बंद केलं होतं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

घरी येऊन वाचायला लागलो, ते आजपर्यंत वाचतोच आहे. जे कळलं ते इथे लिहितो, कारण हा प्राणी आपलाही आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना तो माहीत आहे.

देवमाशांचे दोन मोठे गट. एक दातवाले, त्यात स्पर्म व्हेल आणि डॉल्फिनही आले. दुसरे बिनदाती. यांच्या वरच्या जबड्यातून बलीनच्या पट्ट्या लोंबतात. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचीच ही पट्टी, आतल्या कडेला झिजून केसाळ झालेली. तोंडभर पाणी घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, पट्ट्यांत अडकून राहील ते गिळायचं. निळा देवमासा, फिन, ब्राइड्स, हंपबॅक हे सगळे असेच खातात.

यातल्या बहुतेक हंपबॅकचं वर्ष दोन ठिकाणी विभागलेलं असतं. उन्हाळा ध्रुवाकडच्या गार पाण्यात, तिथे खाऊन चरबी साठवायची. हिवाळा उष्ण कटिबंधात, तिथे वीण. हजारो किलोमीटरची ये-जा, आणि उष्ण पाण्यातले ते महिने जवळजवळ उपाशी. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र कुठेही जात नाही. उत्तरेला आशिया खंड आडवं आहे, वाट नाहीच. पण जायची गरजही पडत नाही, कारण मोसमी वारा गार पाणी त्याच्या दारात आणून देतो. खाणं इथेच, वीण इथेच. जगातल्या सगळ्या हंपबॅकमध्ये वर्षभर एकाच समुद्रात राहणारा एवढाच एक कळप माहीत आहे.

हे कळलं कसं, ते वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत युनियनचे शिकारी ताफे अंटार्क्टिककडे जाताना अरबी समुद्रात शिरले आणि ओमान, पाकिस्तान व भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर त्यांनी २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे ४ धरून २४२. ही शिकार बेकायदा होती, अधिकृत नोंदींतून लपवलेली. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ मध्ये या लपवाछपवीला वाचा फोडली. पुढे १९९७ मध्ये युरी मिखालेव्ह यांनी ताफ्यावरच्या जीवशास्त्रज्ञांच्या मूळ नोंदी मांडून अरबी समुद्राचा हिशेब छापला.

त्या नोंदींत मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची लांबी होती. दक्षिण गोलार्धातले आणि उत्तर गोलार्धातले हंपबॅक सहा महिन्यांच्या फरकाने वितात, त्यामुळे पिल्लाची लांबी आणि मारल्याची तारीख जुळवली की कॅलेंडर कुठलं ते कळतं. ते उत्तरेचं निघालं. म्हणजे हे अंटार्क्टिकचे पाहुणे नव्हते. आणि पोटांत क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) होतं, मासे होते, म्हणजे ते इथेच जेवत होते. ज्यांनी कळप जवळजवळ संपवला, त्यांच्याच वह्यांतून हा कळप वेगळा आहे हे सिद्ध झालं.

पुढे २०१४ मध्ये कातडीच्या नमुन्यांतून जनुकीय अभ्यास झाला. हा कळप इतर हंपबॅकपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळा पडलेला आहे. ओमानच्या किनाऱ्यावर फोटोंवरून केलेल्या गणतीचा आकडा ८२. हजार-लाख काही नाही, फक्त ब्याऐंशी.

आणि आपला संबंध? नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर 'लुबान' नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला होता. लुबान म्हणजे आपण लोबान म्हणतो तसा तिथला धूप. तिच्या शेपटीवरच्या खुणा धुपाच्या झाडासारख्या दिसतात म्हणून हे नाव. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीच्या टोकापर्यंत उतरली आणि परत ओमानला गेली. त्याच्या आधीच गोव्याजवळ ग्रांदे बेटाच्या परिसरात पाण्याखालच्या माइकमध्ये हंपबॅकचं गाणं टिपलं गेलं होतं. म्हणजे ती काही वाट चुकली नव्हती. हे पाणी तिच्या घरातलंच आहे.

कोकणातल्या, गोव्यातल्या कुणी काही पाहिलं असेल तर जरूर लिहा.

---

जुईली

शेपटीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. एक शंका. ८२ हा आकडा कसा काढतात? समुद्रात मोजायचं कुणाला आणि एकच मासा दोनदा मोजला नाही हे कशावरून?

---

दक्षिणवारा

@जुईली, एकच मासा दोनदा दिसणं हाच मोजणीचा आधार आहे.

गावच्या जत्रेत पहिल्या दिवशी तुम्ही सहज २० जणांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा २० जणांचे. ताडून पाहिलं तर ५ चेहरे दोन्ही दिवशी आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत चौथा हिस्सा ओळखीचा, म्हणजेच पहिले २० हे एकूण जत्रेच्या चौथा हिस्सा असावेत. जत्रा साधारण ८० माणसांची. ओळखीचे चेहरे जास्त निघाले तर जत्रा लहान, कमी निघाले तर मोठी.

हंपबॅकचा चेहरा म्हणजे त्याच्या शेपटीची खालची बाजू. पांढऱ्या-काळ्याची नक्षी आणि कडेची दातेरी रेघ प्रत्येकाची वेगळी. ओमानमध्ये २००० पासून लहान होड्यांतून फिरून असे फोटो जमवले गेले. खरं गणित जत्रेपेक्षा किचकट आहे आणि आकड्याला पल्ला आहे: ६० ते १११. त्यातला वरचा आकडा धरला तरी एका बसमध्ये मावतील तेवढ्या माणसांच्या दुप्पटच.

---

शैवाल

सुंदर धागा. मी गोव्यात असते, सूक्ष्मजीवांवर काम केलंय, म्हणून अन्नसाखळीबद्दल थोडी भर घालते.

दक्षिण महासागरात एक कोडं आहे. विसाव्या शतकात तिथे देवमाशांची कत्तल झाली. जगभरात मिळून जवळजवळ २९ लाख मोठे देवमासे मारले गेले, त्यातले २० लाखांहून जास्त दक्षिण गोलार्धात. अंटार्क्टिकचे निळे देवमासे अडीच लाखांच्या आसपास होते, ते काही शेंवर आले. खाणारे गेले तर क्रिल वाढायला हवं होतं. वाढलं नाही, उलट कमी झालं.

याचं एक उत्तर लोखंडात आहे. तिथल्या पाण्यात बाकी पोषणद्रव्यं भरपूर, पण लोह अगदी नगण्य, आणि त्याच्याशिवाय शैवाल वाढत नाही. क्रिलच्या अंगात लोह असतं. देवमासा खोलवर क्रिल खातो आणि पृष्ठभागावर येऊन विष्ठा टाकतो. २०१० मध्ये मोजलं गेलं तेव्हा त्या विष्ठेतलं लोहाचं प्रमाण तिथल्या समुद्राच्या पाण्याच्या सुमारे १ कोटी पट निघालं. शेणखत घातल्यासारखंच आहे हे. गुरं विकली आणि पुढच्या साली शेत पिकलं नाही.

ही मांडणी हिरिरीने करणाऱ्यांत व्हिक्टर स्मेटाचेक आहेत. ते जर्मनीत काम करणारे, पण जन्म भारतातला. २००९ मध्ये त्यांनी आणि आमच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वाजिह नक्वी यांनी मिळून दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. नावातलं 'लोहा' आपलंच. ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विरघळलेलं लोह टाकलं. शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका कमी, त्यामुळे सिलिकाचं कवच असणारे डायटम नावाचे शैवाल फोफावले नाहीत. जे मऊ शैवाल वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी फस्त केलं. शैवालाने शोषलेला कार्बन त्याच्याबरोबर तळाशी जाईल ही प्रयोगामागची आशा फारशी पुरी झाली नाही. मला मात्र त्या निकालात खूप शिकण्यासारखं वाटतं. एकदाच बोटीतून लोह ओतणं वेगळं आणि लाखो प्राण्यांनी वर्षानुवर्षं तेच लोह फिरतं ठेवणं वेगळं.

---

तांडेल_मालवण

आमच्या घरात तीन पिढ्या दर्यावर. आजो सांगायचो, "फवारो दिसलो की नारळ सोडूचो आणि होडी वळवूची." देवमासा म्हणजे देवच, त्याच्या वाटेत जायचं नाही एवढंच आम्हाला ठाऊक.

एक विचारायचं होतं. क्रिल क्रिल म्हणतात ते म्हणजे आमचा जवळाच ना? दिसायला तसाच वाटतो फोटोत.

---

शैवाल

@तांडेल, फार छान प्रश्न. क्रिल आणि जवळा दिसायला सारखे, पण कूळ वेगळं. जवळा सर्जेस्टिड कुळातला. आता पुढचं ऐका.

श्रीलंकेच्या दक्षिणेला मिरिसाच्या समोर निळे देवमासे असतात. तेही हिंदी महासागराच्या उत्तर भागातच राहणारे, अंटार्क्टिकला न जाणारे. आशा डी व्होस या श्रीलंकन संशोधिकेने २००३ मध्ये तिथे त्यांची लाल विष्ठा पाण्यावर तरंगताना पाहिली आणि त्यातून तिला कळलं की हे उष्ण पाण्यातही जेवतात. तोवर पुस्तकांत उलटंच लिहिलेलं होतं. पुढे तिच्या गटाने विष्ठेतला डीएनए तपासला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरचे निळे देवमासे क्रिलवर जगतात, पण हे प्रामुख्याने सर्जेस्टिड कोळंबी खात होते.

म्हणजे तुमच्या जवळ्याचे भाऊबंद. आपण ज्याची चटणी करतो त्याच कुळावर जगातला सगळ्यात मोठा प्राणी पोसला जातोय.

---

तांडेल_मालवण

हे आज घरी सांगतो. आईला पटणार नाही.

---

पार्लेकर७१

२०१६ च्या जानेवारीत जुहूला ब्राइड्स देवमासा वाहून आला होता, तेव्हा पहाटे चालायला गेलेलो मी तिथे होतो. गर्दी व्हायच्या आधी पाहिला. जबडा अर्धवट उघडा होता आणि आतून बलीन दिसत होतं. लिहिलंय तसंच, पण मला सोललेल्या नारळाच्या सोडणाची आठवण झाली, काथ्या सुटलेला असतो तसे राठ केस. त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत लांब सरळ चुण्या होत्या. कुणी म्हणालं जखमा आहेत. नंतर कळलं की त्या जन्मजात असतात. घास घेताना तो गळा चुण्या उलगडून फुग्यासारखा ताणला जातो. मोठे रॉरक्वल, म्हणजे अशा चुण्यांच्या गळ्याचे देवमासे, एका घासात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी घेऊ शकतात.

त्यानंतर तिथेच वाळूत पुरला त्याला. मला अजून त्या जागेवरून चालताना पाय थांबतो.

---

नील_लंडन

मी इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मुलांना घेऊन बरेचदा जातो. २०१७ पासून मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा टांगलाय, नाव 'होप'. ती १८९१ मध्ये आयर्लंडमध्ये वेक्सफर्डजवळ वाळूच्या दांड्यावर अडकून मेली.

तिच्या बलीनच्या पट्ट्याही जपून ठेवल्या होत्या. बलीन नखासारखं मुळाकडून वाढत जातं, म्हणजे एका पट्टीत काही वर्षांचा जेवणाचा इतिहास साठलेला. त्यातल्या नायट्रोजन-कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) साउदॅम्प्टनच्या अभ्यासकांनी तिच्या शेवटच्या ७ वर्षांतला अटलांटिकमधला प्रवास मांडला. हा अभ्यास झाला तेव्हा तिला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, आणि आत्ता कळतंय की ती कुठल्या साली कुठे होती, आणि बहुधा तिला पिल्लूही झालं असावं.

याहून थक्क करणारी गोष्ट कानातल्या मळाची. बलीन देवमाशाच्या कानाची नळी बाहेरून बंद असते, मळ बाहेर पडत नाही, आत थर साचत जातात. साधारण दर सहा महिन्यांनी एक, फिकट-गडद आलटून पालटून, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे. अमेरिकेत बेलर विद्यापीठात स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेंको यांनी कॅलिफोर्नियाजवळ जहाजाची धडक बसून मेलेल्या १२ वर्षांच्या निळ्या देवमाशाच्या (नर) कानातला २५ सेंटिमीटरचा मळ थराथराने तपासला, तो अभ्यास २०१३ मध्ये आला. तो वयात कधी आला ते टेस्टोस्टेरॉनवरून कळलं. पाऱ्याच्या, डीडीटीच्या नोंदी मिळाल्या. डीडीटीचा मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांतला, म्हणजे आईच्या दुधातून आलेला.

मग २०१८ मध्ये त्यांनी संग्रहालयांतले जुने २० मळ घेतले, १८७० ते २०१६ पर्यंतचे, आणि कॉर्टिसॉल पाहिलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक. शिकार वाढली की ते वाढतं, १९६० च्या दशकात शिखरावर जातं, शिकार थांबली की उतरतं. ज्या देवमाशांना कधी भाला लागला नाही त्यांच्याही कानात शिकारीची नोंद आहे. आणि दुसऱ्या महायुद्धात शिकार जवळपास बंद होती, तरी कॉर्टिसॉल चढलेलंच. पाणबुड्या, स्फोट, जहाजं.

---

जुईली

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुसरी शंका विचारते: पेपरात येतं ते 'व्हेलची उलटी' पकडली, कोटींचा माल, ते याच देवमाशांचं का?

---

दक्षिणवारा

@जुईली, नाही. ती 'उलटी' म्हणजे अंबरग्रीस. ते दातवाल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, बलीनवाल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे सगळे देवमासे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे ते बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर असं काही सापडलं तर हात न लावता वनखात्याला कळवावं.

---

नांगर_उचल

मी मर्चंट नेव्हीत आहे, वीस वर्षं झाली. वरचं सगळं वाचल्यावर गप्प बसवत नाही.

ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभं असताना आम्हाला देवमासा दिसतो तो बहुतेक वेळा फार उशिरा. एवढं मोठं जहाज जागच्या जागी वळत नाही, थांबायला मैलभर लागतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला डोंड्रा हेडवरून जाणारी वाट जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या वाटांपैकी आहे आणि ती नेमकी त्या निळ्या देवमाशांच्या ताटातून जाते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल या बलीन देवमाशासाठी २००८ पासून ठरलेल्या पट्ट्यांत ठरलेल्या महिन्यांत ६५ फुटांवरच्या जहाजांना १० नॉट वेगाची मर्यादा आहे. आधी आमच्यातले बरेच जण कुरकुरायचे, वेळापत्रक कोलमडतं म्हणून. पण वेग उतरला की धडक बसली तरी तो जगण्याची शक्यता बरीच वाढते, हे आकड्यांत दिसलंय.

आवाजाचं तर त्याहून अवघड. इंजिन आणि पंख्याचा आवाज खालच्या पट्टीतला, देवमाशांचं बोलणंही त्याच पट्टीत. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजं थांबली तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच सुमाराला तिथे राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने गोळा करण्याचं काम चालू होतं. ताणाची संप्रेरकं त्या दिवसांत खाली आलेली सापडली. इतकी वर्षं मी ज्या आवाजात झोपतो त्याने दुसऱ्या कुणाची झोप उडते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

---

दक्षिणवारा

@नांगर_उचल, मनापासून लिहिलंत. याला जोडूनच: २०२४ मध्ये डेन्मार्कच्या कोएन एलेमन्स यांच्या गटाने मेलेल्या देवमाशांचे स्वरयंत्र प्रयोगशाळेत हवा फुंकून वाजवून पाहिले. बलीन देवमाशांच्या घशात चरबीची एक उशी असते, तिच्यावर स्वरयंत्राचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. पण या रचनेला मर्यादा आहेत. साधारण १०० मीटरपेक्षा खोल आणि ३०० हर्ट्झपेक्षा उंच आवाज त्यांना काढता येत नसावा. म्हणजे जहाजाच्या गोंगाटापासून खोलीत किंवा वरच्या पट्टीत पळून जायची सोय नाही.

आणि गाण्याबद्दल सांगायचं राहिलं. हंपबॅकचे नर गातात. प्रशांत महासागरात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडून निघालेलं गाणं एका कळपाकडून दुसऱ्याकडे जात दोनेक वर्षांत फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोहोचतं, चाल बदलत राहते. ओमानच्या हंपबॅकची चाल वेगळी आणि तिच्यात वर्षानुवर्षं फारसा बदल नाही. बहुधा त्यांना नवीन चाल शिकवायला बाहेरून सहसा कुणी येत नाही.

---

तांडेल_मालवण

परत आलो. आईला खरंच पटलं नाही, पण मामाला पटलं. मामा पर्ससीनवर होता तेव्हाची गोष्ट. जानेवारी, मालवणच्या पश्चिमेला तीसेक वाव पाणी. तारलीचा थवा होता आणि त्यात दोन मोठे आले. जाळं टाकलेलं नव्हतं हे नशीब.

२०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले, त्यात आई आणि पिल्लू होतं, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कोकणातल्या अभ्यासकांच्या गटाने ते नोंदवलंय. मामा म्हणतो ते वेगळे. यांनी शेपटी बाहेर काढली होती.

जाळ्याचं एक सांगतो. डॉल्फिन, कासव, देवमासा अडकला तर जाळं कापून सोडायचं, त्याची भरपाई सरकार देतं, २५ हजारांपर्यंत. लोक कापतातही. पण तिथल्या ओमानवाल्यांचं काय? त्यांच्या जाळ्यात हे अडकतात का?

---

दक्षिणवारा

अडकतात. ओमानच्या फोटोंत ३० ते ४० टक्के हंपबॅकच्या शेपटीच्या बुंध्याशी दोरीचे, जाळ्याचे वण आहेत. मी पाहिलेल्या शेपटीवरचे ओरखडे मी तेव्हा नक्षी समजलो होतो, आता खात्री वाटत नाही.

मामांना एवढं विचाराल का: शेपटी वर आली तेव्हा खालची बाजू कशी होती? निळ्याची करडी असते, शेपटीची कड बरीचशी गुळगुळीत. हंपबॅकची कड दातेरी आणि खाली बहुतेकदा पांढरं. ब्राइड्स सहसा शेपटी वर काढतच नाही. आणि अंगाच्या मानाने हात, म्हणजे बाजूचे पर, फार लांब होते का? हंपबॅकचे पर शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, पाण्यातून झळकतात.

---

तांडेल_मालवण

फोन केला. म्हणतो, "खालसून पांढरी, आणि हात होडीच्या वल्ह्यापेक्षा मोठे." साल त्याला नक्की आठवत नाही, धाकट्या मुलाच्या बारशाच्या आधी एवढंच म्हणाला, म्हणजे २०१८ चा जानेवारी असणार. रविवारी तो बंदरावर येतोय. सगळ्या शेपट्यांची चित्रं छापून नेतो आणि नाव न सांगता त्याच्यासमोर ठेवतो.